आडव्या देहाची उंची

माणूस आडवा झाला की त्याच्याकडे बघणारा आपोआप उंच होतो, ही ताईंची पहिली तक्रार. त्यांची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत गेली. त्यांच्या लेखी आडवा माणूस म्हणजे पुन्हा उभं करायचं काम. त्यांचा धाकटा भाऊ कला महाविद्यालयात लाइफ ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाला. ताई सोडून सगळं जग त्यांना मास्तर म्हणतं, तेव्हा इथेही तेच म्हणू. मास्तरांच्या मते आडवा देह ही चित्रकाराची सर्वांत अवघड परीक्षा, आणि ती द्यायची तर भिंतीएवढ्या कागदावर, चारकोलने. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि एकमेकांच्या पेशाबद्दल फारशी अदब न बाळगणारी.

“तुझ्या वर्गात ती बाई चौथऱ्यावर पडलेली आणि भोवती वीस पोरं,” ताई म्हणतात. “आमच्याकडे डॉक्टरांच्या राउंडला असंच असायचं. फक्त आम्ही तिला विचारायचो, कुठे दुखतंय म्हणून.”

“आम्हीही विचारतो, ताई. एका कुशीवरच्या पोझला वीस मिनिटांत खालचा हात बधिर होतो, हे मला काय माहीत नाही?”

“माहीत आहे ना? मग चित्रात तो हात बधिर का दिसत नाही?”

मास्तरांना हा टोला लागतो, कारण त्याला पुरावा त्यांच्याच कपाटात आहे. आल्ब्रेख्त ड्यूररच्या मोजमापावरच्या ग्रंथाची एक आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1538 साली निघाली. तिच्यात एक लाकूडठसा आहे. टेबलावर उशांना रेलून पडलेली स्त्री, मधे चौकोनी जाळीची चौकट, पलीकडे ताठ बसलेला चित्रकार. नजर जागची हलू नये म्हणून त्याच्या डोळ्यासमोर टोकदार खुंटी रोवलेली. मास्तर हे चित्र वर्गात दरवर्षी दाखवायचे, प्रमाणबद्धता समजावायला. ताईंनी एकदा बघितलं आणि विचारलं, “ही जाळी तिला मोजायला आहे, की त्याला लांब ठेवायला?”

मुंबईतला इतिहासही या प्रश्नाला फारसं सोयीचं उत्तर देत नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना 1857 ची. नग्न मॉडेल समोर ठेवून अभ्यास करण्याचा वर्ग तिथे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919-20 च्या सुमारास सुरू झाला. कोऱ्या कागदापुढे बसणारे विद्यार्थी पुढे नावारूपाला आले, त्यांच्यावर पुस्तकं निघाली. चौथऱ्यावर बसणाऱ्या बहुतेक बायका हातावर पोट असलेल्या, आणि घरी आपलं काम काय ते न सांगणाऱ्या. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट अशाच एका यमुनेची गोष्ट सांगतो. 2017 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवातल्या इंडियन पॅनोरमातून तो ऐन वेळी वगळला गेला आणि 2018 मध्ये चित्रपटगृहांत आला. म्हणजे शंभर वर्षांनंतरही चौथऱ्यावरच्या बाईला लपावंच लागत होतं, आणि तिची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमालाही.

“गरीब आहे म्हणून तिचा देह चितारण्याच्या लायकीचा नाही, असं म्हणायचंय का तुला?” मास्तर विचारतात. हा युक्तिवाद जरा सोयीचाच आहे. ताईही तो मनावर घेत नाहीत.

मास्तर खुलतात ते कोळशावर आल्यावर. इटलीतल्या चेन्निनो चेन्निनीने सुमारे 1400 साली चित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात चारकोल बनवण्याची कृती आहे. विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजीच्या कुळातल्या झाडाच्या, बारीक काड्या जुड्या बांधून नव्या मडक्यात भरायच्या, झाकण मातीने लिंपायचं आणि संध्याकाळी काम आटोपलेल्या बेकरीवाल्याच्या भट्टीत ते मडकं रात्रभर ठेवून द्यायचं. हवा न मिळाल्याने लाकूड जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. हा कोळसा कागदात मुरत नाही. कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर नुसता अडकून बसतो. फडक्याने झटकला की उडतो, बोटाने पसरतो, पुट्टी रबराने टिपून काढला की मागे उजेड उरतो. तो धरून ठेवायला वर फिक्सेटिव्ह फवारायचं. जुन्या पद्धतीचं फिक्सेटिव्ह म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख.

“म्हणजे चूक पुसता येते म्हणून चारकोल,” ताई म्हणतात.

“चूक पुसता येते, पण पूर्ण जात नाही. खाली करडी सावली राहतेच. तेच तर त्याचं बळ आहे.”

आणि मोठा कागद कशासाठी? मास्तरांचं उत्तर शरीराचंच आहे. इम्पिरियल आकाराचा कागद बावीस इंच बाय तीस. त्यावर मनगट आणि कोपर चालतं, आणि मनगटाला सवयीच्या रेषा पाठ असतात. सहा-सात फुटांचा रोल भिंतीला ठोकला की खांदा आणि पाठ कामाला लागते. हाताच्या अंतरावरून पूर्ण आकृती दिसतच नाही. मांडी काढताना डोकं नजरेबाहेर असतं. दहा पावलं मागे जायचं, बघायचं, पुन्हा पुढे यायचं, तोवर डोळ्यातलं प्रमाण निसटलेलं. आडव्या देहात हे जास्तच जाणवतं. उभ्या माणसाला ओळंबा लावता येतो. आडवा देह नुसता चढउतारांचा प्रदेश असतो, आणि पायाच्या बाजूने बघितला तर तो सगळा आक्रसतो. या आक्रसण्याला वर्गात फोरशॉर्टनिंग म्हणतात. भल्याभल्यांची झोप त्याने उडवली आहे.

त्यातलं नावाजलेलं उदाहरण आंद्रेआ मांतेन्याचं. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातला त्याचा मृत ख्रिस्त पायांकडून बघितलेला आहे. ते रंगचित्र आहे आणि आकाराने लहान, जेमतेम 68 बाय 81 सेंटिमीटर. पण आडव्या देहाचं आक्रसणं शिकायला जगभरचे विद्यार्थी त्याच्यापाशी येतात. बारकाईने मोजलं तर तिथे गंमत आहे: इतक्या जवळून पाय जेवढे मोठे दिसायला हवेत, तेवढे मांतेन्याने काढलेले नाहीत. त्याने ते लहान केले, नाहीतर चेहरा पायांमागे हरवला असता.

“फसवणूक,” ताई म्हणाल्या.

“तडजोड.”

“अरे, मी सगळं आयुष्य खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. तिथून आधी पायच दिसतात आणि आधी पायच बघायचे असतात. सूज आहे का, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहतो का, बोटं निळी पडलीत का. तोंडाकडे बघून पेशंट खोटं बोलतो. पाय खोटं बोलत नाहीत. तुमच्या मांतेन्याने नेमके तेच लहान केले!”

मास्तरांनी हे लिहून ठेवलं असं ते सांगतात. खरं-खोटं तेच जाणोत.

या सगळ्या भांडणातली खरी मेख मात्र पुढे आहे. मास्तर विद्यार्थ्यांना एक गोष्ट घोकून घोकून सांगत: देह जिथे गादीला टेकतो, तिथे सर्वांत गडद काळा लावा, कारण तिथे उजेड पोहोचत नाही. तो काळा नसेल तर माणूस गादीच्या वर तरंगतो. आता ताईंनी त्या टेकणाऱ्या जागांची यादी म्हणून दाखवली. पाठीवर झोपलेला असेल तर डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपर, माकडहाड, टाचा. कुशीवर असेल तर कान, खांदा, खुबा, घोटा.

“ही बेडसोअरची यादी आहे. तुझ्या सगळ्या काळ्या जागा म्हणजे आमच्या जखमांच्या जागा.”

आतलं हाड आणि बाहेरची गादी यांच्या कचाट्यात कातडी सापडते. तिच्यातल्या केशवाहिन्या दबतात, रक्त थांबतं आणि तास उलटतील तशी कातडी आतून मरू लागते. आधी फक्त लाली दिसते. बोटाने दाबूनही ती लाली पांढुरकी होत नसेल तर समजायचं की सुरुवात झाली. म्हणून हालचाल न करू शकणाऱ्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, ही वॉर्डांत रुळलेली शिस्त. धडधाकट माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो, म्हणून तो वाचतो.

प्रस्तुत लेखकाला मोठ्या चारकोल चित्रांच्या बाजूने पटणारा मुद्दा सापडला तो इथे, आणि तो मास्तरांनी मांडलेला नाही. लहान कागदावर देह आणि जमीन यांच्यामधला काळा ही एक रेघ असते. सहा फुटांच्या कागदावर तीच जागा वितभर रुंद होते. तिथे किती दाबायचं, कुठे काळा घट्ट आणि कुठे नुसता धूसर, टाच गादीत किती रुतली आणि कंबरेखाली पोकळी किती राहिली, हे सगळं ठरवावं लागतं. छायेच्या जागी वजन काढावं लागतं. बघणाऱ्याची उंची कायम ठेवून पडलेल्या माणसाचा भार त्याच्यावर टाकायचा, हे मोठ्या आकाराला जमतं. लहान आकाराला ते सहसा जमत नाही.

ताईंना आवडलेला चित्रातला पहिला आडवा माणूस अर्थातच रुग्ण नव्हता. मिलानमध्येच, आम्ब्रोसियाना संग्रहालयात, राफाएलने ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्रासाठी केलेला पूर्णाकृती आराखडा आहे. सुमारे आठ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटरहून उंच. दोनशेच्या वर कागद चिकटवून केलेला, कोळशाने आणि पांढऱ्या रंगाने रेखलेला. अशा आराखड्याला सुईने भोकं पाडून त्यातून कोळशाची पूड भिंतीवर पाडत, आपल्याकडे रांगोळीच्या छापातून रांगोळी पाडतात तशी. हा आराखडाही टोचलेला आहे, पण तो ओल्या भिंतीवर न झिजवता जपून ठेवला गेला. 1796 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तो पॅरिसला नेला, 1815 नंतर तो परत आला, आणि चार वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2019 पासून पुन्हा लोकांसमोर आहे. कागदावरचा पाचशे वर्षं जुना कोळसा टिकतो, हेच नवल. त्याच पिढीतल्या मायकेलअँजेलोच्या कॅशिनाच्या लढाईच्या आराखड्याचे तुकडे तुकडे होऊन तो नाहीसाच झाला.

तर या आठ मीटरांत बहुतेक तत्त्वज्ञ उभे आहेत, वाद घालताहेत, हातवारे करताहेत. आणि मधोमध पायऱ्यांवर एक जण पसरलाय: डायोजेनीस. अंगावर जेमतेम वस्त्र, हातात कागद, कुणाकडे लक्ष नाही.

“हा एकटा आपल्या मर्जीने पडलाय,” ताई म्हणाल्या. “बाकीच्यांना वळसा घालून जावं लागतंय बघ. हा बरा आहे.”

मास्तरांनी लगेच फायदा उठवला. “म्हणजे आडवा माणूस खालचा असतो, हे काही खरं नाही.”

“मर्जीने आडवा झाला तर. आणि तो पुरुष आहे, हेही बघ.”

मग मास्तरांनी हुकमाचं पान टाकलं. आंरी मातीस. 1941 मध्ये आतड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर त्याचं उरलेलं आयुष्य बरंचसं पलंगावर आणि चाकाच्या खुर्चीत गेलं. नीसच्या रेजिना इमारतीतल्या खोलीत, पलंगावर पडल्या पडल्या, लांब बांबूच्या टोकाला चारकोल बांधून तो भिंतीवर आणि छतावर चित्रं काढायचा. छतावर नातवंडांचे चेहरे होते. बांबूची ही युक्ती त्याची जुनीच. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बार्न्स संग्रहासाठी ‘नृत्य’ हे प्रचंड भित्तिचित्र आखताना तो ती उभ्याने वापरत होता. आता तोच बांबू आडव्या माणसाच्या हातात आला. वॉन्सच्या चॅपेलमधल्या, माणसाच्या दुपटीहून उंच, उभ्या संतांच्या आकृत्यांची तयारी याच हाताने झाली. ज्याला उभं राहणं कष्टाचं झालं होतं, त्याने.

“आणि त्या चॅपेलशी त्याचा संबंध कुणामुळे आला, सांगू?” मास्तर म्हणाले. “त्याच्या रात्रपाळीच्या नर्समुळे.”

हे खरं आहे. मोनीक बुर्ज्वा नावाची नर्सिंग शिकणारी तरुणी 1942 मध्ये त्याची शुश्रूषा करायला आली, त्याच्यासाठी मॉडेल म्हणून बसली, पुढे जोगीण झाली आणि तिच्याच संघासाठी मातीसने ते चॅपेल घडवलं. 1951 मध्ये ते पूर्ण झालं.

ताई बराच वेळ खुशीत होत्या. नंतर म्हणाल्या, “बघ, तुमच्या अख्ख्या इतिहासात पडलेल्याने काढलेली चित्रं केवढी थोडी. बाकी सगळी पडलेल्याची, उभ्याने काढलेली.”

इंग्लंडच्या जेनी सॅव्हिलची मोठी चारकोल चित्रं पुस्तकात पाहताना दोघांचं चटकन एकमत झालं. सॅव्हिल मुलांची आई झाल्यावर लिओनार्दोच्या आराखड्यावरून सुचलेली आई-मुलाची चित्रं करू लागली. चुळबुळ करणारं मूल एका जागी राहीना, तेव्हा तिने आधीची रेषा न पुसता त्यावरच दुसरी, तिसरी स्थिती काढली. पुढे एकमेकांत गुंतून पडलेल्या देहांच्या चित्रांतही तेच आलं; हात कुणाचा, मांडी कुणाची, कळत नाही. मास्तरांना त्यातली रेषा आवडली. ताई म्हणाल्या, “ही कूस बदलतेय.”

विल्यम केंट्रिजवर मात्र दोघांचं जमलं नाही.

केंट्रिज दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचा, जन्म 1955. वडील सिडनी केंट्रिज वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध खटले लढणारे नामांकित वकील. लहानपणी त्याला वडिलांच्या अभ्यासिकेत एक पिवळी पेटी दिसली. चॉकलेटं असतील म्हणून उघडली, तर आत शार्पव्हिलच्या गोळीबारात मेलेल्यांचे फोटो. ही आठवण त्याने स्वतः सांगितलेली आहे. 1994 च्या ‘फेलिक्स इन एक्झाइल’ या नऊ मिनिटांहूनही लहान चारकोल चित्रपटात ते देह परत येतात. उजाड माळरानावर माणसं पडलेली, जखमांतून रक्त गेलेली. वर्तमानपत्रांची पानं उडत येतात, त्यांना झाकतात, आणि ते देह हळूहळू जमिनीचाच उंचवटा होऊन जातात. देशातल्या सर्वांच्या मताधिकाराच्या पहिल्या निवडणुकीच्या जरा आधी हे काम झालं. नव्या देशाच्या घाईत हे देह कोण लक्षात ठेवणार, ही त्यामागची धास्ती. पद्धत अशी, की प्रत्येक फ्रेमला नवा कागद घ्यायचा नाही. एक प्रसंग एकाच मोठ्या कागदावर काढायचा, कॅमेऱ्यापर्यंत चालत जाऊन एक-दोन फ्रेम टिपायच्या, परत येऊन थोडं पुसायचं, थोडं बदलायचं. पुसलेल्याची सावली पडद्यावर राहतेच.

“मी तुला पहिल्यांदाच सांगितलं होतं,” मास्तर म्हणाले. “पूर्ण पुसलं जात नाही, हे चारकोलचं बळ. इथे तोच विषय झालाय.”

“पण माणसाचा डोंगर करून टाकला की रे. माझ्या वॉर्डातला मेलेला माणूस डोंगर नव्हता होत. त्याला आंघोळ घालायची असायची, डोळे मिटायचे असायचे, नाकात कापूस, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी. नाव लिहायचं असायचं. तुमच्या या देहांना नावं कुठे आहेत?”

मास्तरांनी नंदीकडे बोट दाखवलं. या चित्रपटात नंदी नावाची एक काळी तरुणी आहे. ती भूमापनाची दुर्बीण घेऊन माळावर उभी राहते आणि पडलेल्यांची चित्रं काढते. शेवटी तीही गोळी लागून पडते. ताईंनी एवढं मान्य केलं की तिथल्या तिथे कुणीतरी नोंद ठेवत होतं. “नोंद म्हणजे चार्ट. चार्ट बरा.” मग लगेच त्यांनी चित्रकार चित्तप्रसाद यांचा विषय काढला. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूरच्या वाटांवर भुकेने आडवी झालेली माणसं चित्तप्रसादांनी शाईने, छापता येतील अशा लहान कागदांवर काढली. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे ते मुंबईत, अंधेरीला राहिले. “सरकारला धडकी भरवायला वितभर कागद पुरला,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला भिंत लागते.”

याला मास्तरांकडे पटेल असं उत्तर नव्हतं. त्यांनी 2016 मधल्या केंट्रिजच्या रोममधल्या कामाकडे गाडी वळवली. टायबर नदीच्या दगडी तटावर साठलेल्या काजळीवर आकृत्यांचे साचे लावून, भोवतालची घाण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढायची. साच्याखाली उरलेली काजळी हेच चित्र. पाचशे मीटर लांबीची ही मिरवणूक, काही आकृत्या दहा मीटरपर्यंत उंच. त्यांत 1975 मध्ये खून झालेला कवी-दिग्दर्शक पासोलिनी जमिनीवर पडलेला आहे. तट पुन्हा काळवंडेल तसं ते चित्र आपोआप बुजत जाणार, हे आधीपासून ठरलेलं.

“दहा मीटरचा असला तरी खालून वर बघायचा ना तो?” ताईंनी विचारलं. “मग चालेल.”

तेव्हा कुठे मास्तरांच्या लक्षात आलं, की ताईंचा खरा आक्षेप आकाराला नाहीच. तो बघणाऱ्याच्या जागेला आहे. त्यांनी ताईंना अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्याची आठवण करून दिली. आत शिरताना डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणातला बुद्ध उजव्या कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन पहुडलेला आहे, लांबी सात मीटरच्या आसपास. जागा एवढी अरुंद, की मूर्ती एका नजरेत मावत नाही. डोक्यापासून पायापर्यंत चालत जावं लागतं. शय्येच्या खाली शोक करणाऱ्या शिष्यांची रांग कोरलेली आहे.

“ते खाली बसलेले बघितलेस?” ताई म्हणाल्या. “बघायची उंची ती. खाटेजवळ स्टूल घेऊन बसलेल्या माणसाची.”

गॅलरीत चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर येतो. ताईंचं म्हणणं पडलं की आडव्या देहाचं मोठं चित्र खाटेच्या उंचीला, जमिनीपासून दोन फुटांवर लावावं. मास्तर उखडले. चारकोल एवढा खाली लावला तर फरशी पुसणाऱ्याचा ओला पोछा लागेल, लहान मुलं बोटं फिरवतील. ॲक्रिलिकचं आवरण घालावं तर त्यात स्थिर वीज साठते आणि ती कोळशाचे कण ओढून घेते. सात फुटांच्या काचेचं वजन तर भिंतीला पेलायचं नाही. पावसाळ्यात खालून ओल चढून कागदाला बुरशी धरेल ते वेगळंच.

“मग पुढे दोरी बांधा आणि बाकडं ठेवा.”

“बाकडं ठेवलं तर लोक त्यावर बसून मोबाइल बघतील, ताई.”

“बघू देत. आमच्याकडे नातेवाईकही तेच करतात.”